ठरावानंतरचं खरं काम: विधवा प्रथेवर गावात अनुभवांची बैठक कशी घ्यावी

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याला दोन वर्षं झाली. तरी गेल्या महिन्यात एका तरुण बाईच्या बांगड्या फोडल्याच. बचत गटातल्या काही जणी म्हणतात, बायकांना एकत्र बसवून आपापले अनुभव सांगायला लावू. हे नेमकं कसं करायचं? किती जणी, किती वेळ, कोणी बोलायचं?

उत्तर:

आधी ठरावाबद्दल. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी असा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं आणि गावोगाव ठराव झाले. ठराव हवाच, कारण जिला नाही म्हणायचंय तिच्या पाठीशी त्याने गाव उभं राहतं. पण त्यात शिक्षा नाही आणि तो वापरायची वेळ फार वाईट असते. घरात प्रेत ठेवलेलं, बाई शुद्धीवर नाही, भोवती पाच-सहा वयस्कर बायका. त्या घटकेला ठरावाचा कागद कोणी काढत नाही. त्या पाच-सहा जणींच्या हातून जे होतं तेच गावाचं खरं धोरण. तेव्हा तुमची बैठक त्यांच्यासाठी आहे, हे पक्कं धरून पुढचं सगळं ठरवा.

इथेच बहुतेक कार्यक्रम फसतात. चार विधवा बायकांना स्टेजवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, त्या रडत रडत सांगतात, समोरच्या दोनशे जणी पदराने डोळे पुसतात आणि घरी जाऊन जे करत होत्या तेच करतात. कणव आली म्हणजे पूर्वग्रह गेला असं होत नाही. कणवेत ती ‘बिचारी’ होते आणि बिचारीला कार्यातून बाजूला ठेवायला कुणाला जड जात नाही. शिवाय सोसलेलं सांगायचं ओझं पुन्हा सोसणारीवरच पडतं. ज्यांची वागणूक बदलायची आहे त्या सवाष्णी, सासवा, नणंदा, जावा यांना स्वतःचं काहीतरी सांगावं लागेल अशी बैठक बांधली, तरच फरक पडतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी दारोदार जाऊन केलेल्या संवादांचे प्रयोग तपासले. मायामीतला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दहा मिनिटांच्या संवादाचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. २०२० च्या अभ्यासात त्यांनी वेगवेगळे संवाद तुलनेला घेतले. नुसते मुद्दे मांडून काही हललं नाही. दोन्ही बाजूंनी आपले अनुभव सांगितले आणि समोरच्याला दोष दिला नाही, तिथे परिणाम दिसला. विषय तिथला वेगळा आहे, स्थलांतरित आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा, पण माणसाचं मन उघडण्याची रीत आपल्या ओसरीवरही तीच आहे.

आधी गावातली रीत नीट पाहा

‘विधवा प्रथा’ हा शब्द बैठकीत वापरूच नका, तो कागदावरचा आहे. तुमच्या गावात नेमकं काय होतं ते आधी दोन-तीन जाणत्या बायकांकडून लिहून घ्या. कुंकू कोण पुसतं? बांगड्या तिरडी उचलण्याआधी फोडतात की दहाव्याला पाण्यावर? मंगळसूत्र कोण तोडतं, जोडवी कोण काढतं? माहेरची साडी कोण आणतं? समाजासमाजात फरक असतो, कधी एकाच गावात दोन आळ्यांत दोन रीती असतात. अनेक ठिकाणी असं आढळेल की हे करायचं काम आधीच विधवा झालेल्या एक-दोन म्हाताऱ्यांकडे असतं. गावाने ते त्यांच्या गळ्यात घातलेलं असतं आणि त्यांच्या मनात त्याचं काय चाललंय हे कोणी कधी विचारलेलं नसतं. तुमच्या बैठकीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या व्यक्ती त्याच.

मग वर्षभरातल्या वगळण्याच्या जागा लिहा: संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू, चैत्रातलं हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण, बारशाला पाळण्याला हात लावणं, लग्नात हळद लावणं, स्वतःच्या मुलीच्या कन्यादानाला बसणं. मृत्यूचा दिवस एकदा येतो, या जागा जन्मभर येत राहतात.

कोणाला बोलवायचं, कोण सांगणार

एका बैठकीला १२ ते १४ जणी. त्याहून जास्त झाल्या की चार जणी बोलतात, बाकीच्या प्रेक्षक होतात. त्यात चार एकल म्हणजे नवरा गेलेल्या महिला, सहा-सात सवाष्णी (त्यांतल्या निदान दोघी पंचावन्नच्या पुढच्या), दोन नव्या सुना आणि शक्य असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताई. एकटी विधवा बाई दहा सवाष्णींमध्ये कधी बसवू नका. संवाद बरोबरीच्या माणसांत झाला तरच पूर्वग्रह सैल होतो, ही अट गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडून ठेवली आहे. सगळ्या खाली जाजमावर गोल बसतील. ‘मॅडम खुर्चीवर’ असं नको.

सांगणाऱ्या तिघी आधी ठरवा आणि तयार करा:

- एक, जिच्या बाबतीत हे झालं ती. नवरा जाऊन किमान दोन वर्षं झालेली असावीत. सासरशी जमिनीचा दावा चालू असेल तर तिला सांगणारी करू नका. तिचं बोलणं दुसऱ्या दिवशी दिराच्या कानावर जातं आणि भोगावं तिलाच लागतं.
- दोन, जिने दुसरीच्या बांगड्या फोडल्या किंवा कुंकू पुसलं अशी वयस्कर बाई.
- तीन, जिने लहानपणी किंवा नवी सून असताना हे जवळून पाहिलं, पण काही बोलू शकली नाही अशी.

ही दुसरी सांगणारी मिळवणं कठीण असतं आणि तिच्याशिवाय बैठक अर्धी आहे. तिच्याकडे आरोप घेऊन जाऊ नका. तिच्या घरी बसा, चहा घ्या आणि विचारा, “तुम्ही पहिल्यांदा हे कधी पाहिलं? तुमचं वय काय होतं? तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं? करून घरी आल्यावर त्या रात्री जेवण गेलं का?” अशा प्रश्नांवर बहुतेक जणी बराच वेळ गप्प बसतात आणि मग बोलतात. ती गप्प असताना तुम्ही मध्ये बोलू नका.

प्रत्येकीशी दोनदा आधी बसावं लागतं. पहिल्या वेळी ती सगळं आयुष्य सांगेल, सांगू द्या. दुसऱ्या वेळी त्यातला एकच प्रसंग निवडा: कुठली जागा, कोण होतं, कोण काय बोललं, तिने हाताने काय केलं, तेव्हा काय वाटलं, कोणी काय केलं असतं तर बरं झालं असतं. सहा-सात मिनिटांत मावेल एवढाच. “माझं नशीबच असं” हे वाक्य ऐकणाऱ्याला सुटका देतं. “मधल्या दोन घरांना बोलावणं आलं, माझ्या दारावरून बाई पुढे गेली, तेव्हा माझ्या हातात परात होती” असं सांगितलं की समोरच्या सवाष्णीला ती पुढे जाणारी बाई आपणच आहोत हे कळतं. काय सांगायचं नाही हेही तेव्हाच ठरवा. नावं घ्यायची नाहीत. पण गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो, म्हणून हयात सासूचा प्रसंग असेल तर सासूला आधी कल्पना द्या, नाहीतर दुसरा प्रसंग घ्या. बैठकीच्या दिवशी सकाळी ती ‘नको’ म्हणाली तर नको. कारण विचारू नका.

जागा, वेळ, सामान

देवळाचा सभामंडप टाळा, तिथे पाळी आणि सोवळ्याचे वाद आधीच असतात. ग्रामपंचायतीचं कार्यालयही नको, पुरुष डोकावतात. शाळेचा वर्ग, अंगणवाडी किंवा एखाद्या एकल महिलेचं घर उत्तम. तिच्या घरी बैठक झाली की सवाष्णी तिचा उंबरा ओलांडून आत येतात आणि तिच्या हातचा चहा पितात. अर्धं काम तिथेच होतं. वेळ शेतीच्या कामावर ठरते. ऊसपट्ट्यात दुपारी दीड ते साडेतीन जमतं, कापूस-सोयाबीनच्या सुगीत बैठक ठेवूच नका. सगळ्यात योग्य काळ डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी दोन ते चार आठवडे. ठरवलेलं लगेच करून पाहायला मिळतं.

माईक नको, बॅनर नको, सत्कार नको, फोटो तर मुळीच नको. मोबाइल एका पिशवीत. कार्यवृत्तासाठी फोटो लागतोच असं कोणी म्हणालं तर रिकाम्या जाजमाचा काढा. लेकरांसाठी शेजारच्या खोलीत एक मुलगी बसवा, नाहीतर दर पाच मिनिटांनी कोणीतरी उठतं.

बैठक: पावणेदोन तास

चालवणाऱ्या दोघी हव्यात. एक बोलते, दुसरी फक्त चेहरे पाहते. पहिल्या दहा मिनिटांत तीनच नियम: एक बोलताना बाकीच्यांनी गप्प राहायचं, सल्ला द्यायचा नाही, इथलं नाव बाहेर न्यायचं नाही. ‘आज आपण अमुक प्रथा बंद करणार आहोत’ अशी सुरुवात केलीत तर वयस्कर बायका तिथेच मिटतात. “आपल्या गावात कार्याला कोणाला बोलावतात, कोणाला नाही, आणि आपल्याला त्याचं काय वाटतं एवढंच आज बोलू,” इतकं पुरे.

मग तिघींचं सांगणं, मिळून तीस मिनिटं. क्रम महत्त्वाचा: आधी पाहणारी, मग सोसणारी, शेवटी हाताने करणारी. करणारी आधी बोलली तर सोसणारीसमोर ती आरोपी होते. शेवटी बोलली तर तिचं बोलणं कबुलीसारखं न येता सोबतीसारखं येतं. प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट शांतता. टाळ्या नकोत.

पुढची वीस मिनिटं जोड्यांची, आणि माझ्या मते हाच बैठकीचा गाभा. जमेल तिथे एक सवाष्ण, एक एकल महिला; उरलेल्यांच्या आपसात जोड्या. दोघींना पाच-पाच मिनिटं, दुसरीने फक्त ऐकायचं. विषय एकच: “तुमचा काही दोष नसताना एखाद्या कार्यातून किंवा कामातून तुम्हाला बाजूला ठेवलं, असा एक प्रसंग.” इथे नवऱ्याच्या मृत्यूचा उल्लेख मुद्दाम नाही. सवाष्णीलाही असा प्रसंग असतोच. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही म्हणून ओटी भरायला पुढे येऊ दिलं नाही, तिन्ही मुलीच म्हणून बारशाला मागे उभं केलं, अंगावर कोड आहे म्हणून हळद लावू दिली नाही. आपल्याला बाजूला केलं तेव्हा घशाशी जे आलं होतं तेच समोरचीच्या घशाशी येतं, हे तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही. सासू-सून आणि जावा-जावा यांची जोडी कधी लावू नका, तिथे घरचा हिशोब निघतो.

त्यानंतर अर्धा तास गोलात. चालवणारीने प्रश्नच विचारायचे: “मग तुम्हाला काय वाटलं?” “तेव्हा कोणी काही म्हणालं का?” “आज तसं झालं तर तुम्ही काय कराल?” उत्तर पटलं नाही तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. शेवटचा पाव तास एकाच ठोस गोष्टीवर.

कुंकवाबद्दल जपून. उत्साहाच्या भरात सगळ्या विधवांना तिथेच कुंकू लावायचं, असं बरेच जण करतात. सगळ्यांसमोर कोणी पुढे केलेलं बोट नाकारता येत नाही आणि घरी गेल्यावर बोलणी तिला एकटीला खावी लागतात. करंडा मध्ये ठेवा. जिला हवं ती स्वतःच्या हाताने लावेल, जिला नको ती नाही. सवाष्णींनीही त्या दिवशी आपलं आपण लावावं. काढायला लावणं ही जशी सक्ती, तशी लावायला लावणंही सक्तीच.

हमखास येणारी वाक्यं

“आम्ही कुठे अडवलंय? तीच येत नाही.” हे प्रत्येक बैठकीत येतं आणि म्हणणारी खोटं बोलत नसते. तिच्याशी वाद घालू नका, बोलावण्याची गोष्ट काढा. बोलवायला कोण गेलं होतं? दारात काय म्हणाली? ‘या हो’ म्हणून कुंकू लावलं, की ‘प्रसादाला या नंतर’ म्हणाली? आल्यावर वाण दिलं की नुसते तिळगूळ हातावर ठेवले? असं उलगडत गेलं की ‘ती का येत नाही’ याचं उत्तर सवाष्णींच्या तोंडूनच येतं.

“पूर्वापार चालत आलंय.” इथे वयस्कर बायकांनाच विचारा, तुमच्या लहानपणी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागायचा का? महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत विधवेचा पाट किंवा म्होतूर लावण्याची उघड रीत होती. पूर्वापार एकच रीत नव्हती, हे त्यांच्या आठवणीतूनच निघू द्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं वगैरे इतिहास भाषणात शोभतो. बैठकीत तो काढलात की बायका पुन्हा श्रोत्या होतात.

“माझ्या नवऱ्याला काही झालं तर?” हे सहसा हळू आवाजात येतं आणि हीच खरी भीती असते. अपशकुन मानणाऱ्या बाईला अडाणी म्हणू नका. तिला जपायचाय तो नवरा. विचारा, तुमच्या आईचं कुंकू गेलं तेव्हा तुम्ही तिच्या पाया पडायचं सोडलंत का? तिचा हात तुमच्या डोक्यावर अशुभ होता का? जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एक विधवा असते जिचा आशीर्वाद ती मनापासून घेते. आई, आजी, मावशी. तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलू द्या.

कोणी रडली तर दुसरी चालवणारी तिच्याशेजारी जाऊन बसेल, पाणी देईल, ‘रडू नको’ म्हणणार नाही. मारहाणीचं किंवा जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं तर तिला हळूच बाहेर घेऊन बसा आणि एकटीला घरी पाठवू नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक चालवणाऱ्यांकडे लिहिलेले असावेत. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या बाईला सांगणारी करायचं असेल तर या तयारीशिवाय करू नका.

पुरुषांची बैठक वेगळी

बायकांच्या दोन-तीन बैठका झाल्यावर पुरुषांची घ्या. आठ-दहा जण, तासाभराची. पोलीस पाटील, क्रियाकर्म करणारे गुरुजी किंवा जंगम, बांगड्या भरणारा कासार आणि मुख्य म्हणजे बहिणींचे भाऊ. हातांनी रीत चालवणाऱ्यांना गाठायचं हे इथे नवं नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. पुरुषांना एकच प्रश्न पुरतो: “तुम्ही गेल्यावर तुमच्या बायकोचं काय व्हावं?” ज्याची आई तरुणपणी विधवा झाली असा एकजण आधी तयार ठेवा, तो बोलला की बाकीचे बोलतात. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मागे पत्नीवर हे काही लादू नये असं स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं. तसा साधा लेखी कागद पुरुषांकडून घेता येतो. त्या दिवशी घरात तोच कामाला येतो, कारण तो गेलेल्या माणसाचा शब्द असतो.

दिराचा डोळा जमिनीवर असेल, तर मात्र कुठल्याही अनुभवकथनाने तो बदलणार नाही. तिथे कागद लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, वारस नोंदीची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये, आणि पात्र असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. भीती, लोकलाज आणि स्वार्थ ही तीन वेगळी कारणं आहेत. बैठक पहिल्या दोन कारणांवर चालते.

नंतर काय

शेवटच्या पाव तासात हात वर करून शपथ घेऊ नका. त्याऐवजी ‘त्या दिवशी’ जाणाऱ्या चौघी ठरवा: एक म्हातारी, एक एकल महिला, एक सवाष्ण, एक आशाताई. गावात मृत्यू झाला की तासाभरात त्या घरी पोचायचं, बाईच्या दोन्ही बाजूंना बसायचं, तिचा हात हातात ठेवायचा. कोणी बांगड्यांना हात घालायला आलं तर म्हातारीने एवढंच म्हणायचं, “राहू दे, तिला शुद्धीवर येऊ दे, मग ती सांगेल.” भांडण नाही, ठरावाचा उल्लेखही नाही. तो दिवस टळला तरी दहाव्याला पुन्हा दबाव येतो, तेव्हाही चौघींनी हजर राहायचं. आदल्या रात्री माहेरच्या भावाशी बोलून ठेवायचं, तो कोणती साडी आणतो यावर बरंच ठरतं.

एका बैठकीने गाव हलत नाही. आळीआळीने पाच-सहा बैठका, तीन महिन्यांत सत्तर-ऐंशी बायका, असा आराखडा करा. पुढच्या बैठकीच्या सांगणाऱ्या आधीच्या बैठकीतून निवडा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच, तिथे विषय न्यायचा तो या बैठकांनंतर, आधी नाही.

एक वही ठेवा, नावांशिवाय. तीनच रकाने: मृत्यू झाला तेव्हा काय केलं आणि काय टळलं, हळदीकुंकवाला कोणत्या दारी बोलावणं गेलं आणि कोणतं दार सुटलं, लग्नात विधवा आईने हळद लावली का आणि कन्यादानाला बसली का. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पाहा. पहिला रकाना सहसा आधी सुधारतो, तिसरा सगळ्यात उशिरा, कारण लग्नात दोन गावचे पाहुणे असतात आणि व्याह्यांपुढे कोणी धाडस करत नाही. त्यासाठी लग्न ठरल्यावर मुलीकडून आणि मुलाकडून एकेक वडीलधारी बाई घेऊन छोटी बैठक लावावी लागते, हळदीच्या दिवसाआधी निदान आठवडाभर.